हवं म्हणून फुली की नको म्हणून फुली?

मी शिक्का बोलतोय. थांबा, शिक्का बोलतोय की फुली बोलतेय? इथूनच माझा घोळ सुरू होतो. वर तुम्ही हातात धरता ती लाकडी मूठ, तो मी शिक्का. खाली कागदावर उमटते ती फुली, ती पण मीच. या दोघांचा मेळ मला आयुष्यभर बसवता आला नाही. तुम्हाला ऐकायला सोपं जावं म्हणून आपलं 'बोलतोय' म्हणतो. मनात काय म्हणतो ते विचारू नका.

माझा जन्म सत्त्याहत्तर सालच्या ऑगस्टमधला, नाशकातला, पगारे सरांच्या घरच्या ओट्यावरचा. सहादू पगारे सर नागरिकशास्त्र शिकवायचे. त्या वर्षी मार्चात लोकसभेची निवडणूक होऊन गेली होती आणि पोरांच्या तोंडी घोषणा अजून होत्या. पुस्तकातला मतदानाचा धडा वाचून दाखवला की अर्धा वर्ग जांभया द्यायचा आणि घोषणा मात्र सगळ्यांना पाठ. सरांना ते फार लागायचं. "मत म्हणजे काय ते आमच्या आज्यापणज्यांना विचारा, ज्यांना ते कधी मिळालंच नाही," असं ते एकदा चिडून म्हणाले होते. मग त्यांनी ठरवलं की शाळेत खरीखुरी निवडणूक घ्यायची. गुप्त मतदान, पडदा, बोटाला शाई, शिक्का, सगळं.

शिक्का आणायचा कुठून? सरांनी सुमनबाईंच्या शिवणयंत्रावरचं दोऱ्याचं रिकामं लाकडी रीळ घेतलं, स्लीपरच्या टाचेचा तुकडा कापला, ब्लेडनं त्यावर फुली कोरली आणि तो रिळाला डकवला. अक्षरं उलटी कोरावी लागतात, फुलीचं तसं नाही, ती उलटी केली तरी फुलीच. सर एकदम खूश झाले.

सुमनबाई, म्हणजे सरांच्या मिसेस, बाहेर आल्या. "अहो, चप्पल कापली ती जुनीच ना?"

"जुनीच. डावी."

"मग उजवीचं आता मी काय करू? लोणचं घालू?"

अशा बोलण्यात माझं बारसं झालं.

आता एक गोष्ट नीट ऐका, कारण पुढचा सगळा घोटाळा तिच्यातूनच झाला. सरांच्या शाईच्या गादीतली जांभळी शाई वाळून गेली होती. म्हणून त्यांनी तिच्यावर लाल शाई ओतली. वह्या तपासायला जी वापरायचे तीच. चुकलेल्या गणितावर, चुकलेल्या शुद्धलेखनावर, चुकलेल्या राजधानीवर सर त्या शाईनं काय काढायचे? फुली! लाल फुली म्हणजे चूक, हे त्या पोरांना पहिलीपासून ठाऊक होतं. सरांच्या ते डोक्यातच आलं नाही. मोठ्या माणसांना वाटतं, आपल्याला कळतं ते सगळ्यांना कळतंच.

शाळा अंबडच्या नव्या कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर होती, पत्र्याच्या छपराची, सातवीपर्यंतची. मतदार म्हणजे पाचवी, सहावी आणि सातवीची मिळून एकशे सात मुलं. निवडायचा होता शाळेचा मुख्यमंत्री. त्यानं रोज सगळ्यांपुढे उभं राहून प्रतिज्ञा सांगायची आणि दर शनिवारी हेडसरांच्या समोर बसून मुलांच्या तक्रारी मांडायच्या. हेडसरांच्या समोर बसायचं! एरवी तिथं पोरं फक्त छडी खायला जायची.

दोन मुलगे लगेच उभे राहिले. एक झुंबर आहेर, कबड्डीतला हुकमी गडी. त्याचे वडील कारखान्यात होते आणि घरी रेडिओ होता, म्हणून त्यानं जाहीर केलं की कसोटी सामना असेल त्या दिवशी अर्धी सुट्टी. पोरांनी टाळ्या वाजवल्या. दुसरा बारकू साळवे, वर्गाचा मॉनिटर. बडबड करणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायचं काम त्याच्याकडे होतं, त्यामुळे त्याला टाळ्या कमी पडल्या.

"एकही मुलगी नाही?" सर म्हणाले. "निम्म्या देशाला तोंड नाही का?"

मुली खाली बघत राहिल्या. मग मागच्या बाकावरून भागी गावित उभी राहिली. तिचे आईबाप पेठकडच्या डोंगरातून कामासाठी आलेले. बाप काळू आणि आई, दोघं कारखान्याच्या बांधकामावर होते आणि तिथंच पत्र्याच्या खोपीत राहायचे. भागीचं बोलणं ऐकलं की पोरं तिची नक्कल करायची, म्हणून ती बोलायचीच नाही.

"पाणी प्यायला जायचंय का?" सरांनी विचारलं.

"नाय. निवडणुकीला."

वर्ग खो खो हसला. सरांनी खडू आपटून सगळ्यांना गप्प केलं आणि तिला भाषण करायला सांगितलं. ती पुढं आली. हात मागं बांधलेले, आवाज बारीक. "मुलींच्या संडासाला कडी नाय. एकजण आत गेली का दुसरीनं भाईर दार धरून उभं ऱ्हायचं. धरनारी मधीच पळून जाते. पोरं दार ढकलतात. मी निवडून आले का कडी बसवून घेईन." आणि जाऊन बसली.

बाप रे, काय हसली पोरं! संडास हा शब्द भर वर्गात, तोही मुलीच्या तोंडून. मुलीसुद्धा ओंजळीत तोंड लपवून हसल्या. रोज दार धरून उभ्या राहणाऱ्या त्याच मुली, मग हसल्या कशाला? मला ते तेव्हा कळलं नाही आणि आजही नीट कळलेलं नाही. एकटा बारकू हसला नाही. दुसऱ्या दिवसापासून तिचं नाव 'कडी' पडलं. ए कडी, इकडं ये. कडी आली रे.

मतपत्रिकेवर तिन्ही नावं, पुढं चिन्हं. झुंबरची बॅट, बारकूचा खडू. भागीनं कडीच मागितली. सरांनी काढली, पण ती उंदरासारखी दिसत होती.

मतदानाच्या दिवशी सरांनी सूचना दिली. मला शब्दन् शब्द आठवतो. "नीट विचार करा. पडद्याआड जा. एकाच नावापुढं फुली मारा. कुणाला सांगू नका." बस. फुलीचा अर्थ काय, ते सांगितलंच नाही.

मग मी एकशे सात हातांतून गेलो. काय सांगू तुम्हाला माझी अवस्था! एका पोरानं मला बॅटीवर दाबण्याआधी माझा मुका घेतला, ओठ लाल करून बाहेर गेला. त्याच्या मागून आलेल्यानं मला कडीपुढं असं आपटलं की रीळ कुरकुरलं, आणि पुटपुटला, "घे, चूक!" चूक? मी चक्रावलो. मला तर सरांनी घरी सांगितलं होतं, तू म्हणजे पसंती. एक मुलगी आली, बराच वेळ तीनही चिन्हांवर मला फिरवत राहिली आणि शेवटी हळूच कडीपुढं टेकवलं. तिला कडी हवी होती का नको होती? हात दाबला की मी उमटतो. हाताच्या मागं मनात काय आहे ते माझ्यापर्यंत येतच नाही, त्याला मी काय करू?

मोजणी झाली. भागी चौसष्ट. बारकू एकोणतीस. झुंबर नऊ. बाद पाच.

वर्गात कुणी टाळी वाजवली नाही. झुंबर लालेलाल. सरांचं मात्र अंग आनंदानं फुललं होतं. "बघा! जिला आपण हसलो, त्याच मुलीला तुम्ही मनातून निवडलंत. याला म्हणतात गुप्त मतदान!"

"चौसष्ट?" भागीनं विचारलं. "माझीच?"

"तुझीच."

तिनं बोटांवर काहीतरी मोजलं आणि हसली. तिला हसताना शाळेनं पहिल्यांदाच पाहिलं. सुटल्यावर ती रंगूबाईंना शोधत गेली. रंगूबाई म्हणजे शाळा झाडणाऱ्या, घंटा देणाऱ्या आमच्या शिपाईबाई. "कडी केवढी लागंल, मापून ठेवा," असं भागी त्यांना सांगत होती.

दुसऱ्या दिवशी तिनं प्रतिज्ञा सांगितली. एकदाही अडखळली नाही. मग नागरिकशास्त्राच्या तासाला झुंबर उभा राहिला.

"सर, निकाल उलटा लागलाय."

"हरलं की असंच वाटतं."

"तसं नाय सर. तुम्ही वहीत चुकलं की फुली मारता ना? मग नको त्यालाच फुली मारायची ना? आम्ही सगळ्यांनी नको म्हणून भागीला मारली!"

सरांनी खडू खाली ठेवला. "कुणी कुणी नको म्हणून मारली?" त्यांच्या तोंडून निसटलं.

हात वर झाले. दहा, वीस, मग आणखी. काही वर होऊन खाली आले, काही अर्ध्यातच घुटमळले. आणि भागी पहिल्या बाकावर बसली होती, मुख्यमंत्री म्हणून कालच तिला पुढं बसवलं होतं. तिच्या पाठीमागं हात उठल्याची सळसळ झाली. तिनं वळून पाहिलं नाही. मी टेबलावर होतो, म्हणून मला तिचा चेहरा दिसत होता. त्या क्षणी मी रबराचा असल्याचं मला फार वाईट वाटलं, कारण चौसष्ट वेळा तिच्या नावापुढं मीच उमटलो होतो.

"हात खाली!" सर ओरडले. "सगळे हात खाली! मत गुप्त असतं. मीच मूर्खासारखं विचारलं."

मग ते भागीकडे वळले. "हे बघ भागी, नियम असा की ज्याला जास्त फुल्या त्याची निवड. फुल्या तुझ्या जास्त आहेत. समजावलं नाही ही चूक माझी, तुझी नाही. तू मुख्यमंत्री आहेस."

भागी उभी राहिली. "परत घ्या, सर."

"काय परत घेऊ?"

"निवडणूक. परत घ्या."

"अगं, परत घेतली तर..."

"म्हाईत हाय," भागी म्हणाली. "पन नको म्हनून दिलेल्या मतांवर मी कशी बसू?"

त्या दिवशी दुपारी परत मतदान झालं. सरांनी फळ्यावर एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'फुली म्हणजे हवा किंवा हवी.' ते सगळ्यांकडून तीन वेळा म्हणूनही घेतलं. मी पुन्हा एकशे सात हातांतून गेलो. झुंबर एकाहत्तर. बारकू तेवीस. भागी अकरा. बाद दोन. आता टाळ्या कडाडल्या आणि झुंबरला पोरांनी खांद्यावर घेतलं.

शाळा सुटली. सर एकटे मतपत्रिका गोळा करत होते. भागी दारात आली.

"सर, अकरा नक्की?"

"नक्की, बाळा. दोनदा मोजली." सरांना तिच्याकडे बघवेना. "त्यातलं एक तुझं स्वतःचं धरलं तरी दहा मुलं..."

"माझं नाय त्यात. मी बारकूला दिलं. तो एकटाच हसला नव्हता."

मत गुप्त असतं, म्हणून मी सांगितलं नसतं. पण तिनंच सांगितलं, तर खरं आहे. तिचा हात होता तो.

"म्हंजी पुरी अकरा दुसऱ्यांची," भागी म्हणाली. "अकरा जनांना कडी पाहिजे."

"पण एकाहत्तर जणांना सुट्टी पाहिजे, भागी. लोकशाहीत जास्त मतं..."

"कडीला किती मतं लागतात, सर?"

सर खुर्चीत बसले. मला हातात घेऊन उलटंपालटं करत राहिले. मी पण विचार करायला लागलो. चौपन्न लागत असतील का? एकशे सातचे निम्मे? मग त्रेपन्न जणींनी मागितली तर दार तसंच उघडं ठेवायचं का? माझं रीळ गरगरायला लागलं.

मग सर म्हणाले, "मत लागत नाही. एकही नाही. कडीला अर्ज लागतो. काल मी तुम्हाला अर्धाच धडा शिकवला."

तिथंच बसून दोघांनी अर्ज लिहिला. 'मा. मुख्याध्यापक यांस, मुलींच्या शौचालयास आतून कडी बसवून मिळणेबाबत.' दुसऱ्या दिवशी सरांनी तो वर्गात टेबलावर ठेवला. "ज्यांना पटतं त्यांनी खाली सही करा. ही सही गुप्त नाही. नाव दिसणार."

भागीनं पहिली सही केली. बारकूनं दुसरी. मग कुणीच उठेना. मुली एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या, पण संडासाच्या कागदावर नाव घालायला एकीलाही धीर होईना. पडद्याआडच्या त्या अकरा हातांतले काही तर तिथंच होते! मला ओळखीचे वाटत होते ते हात. आता मांडीवर गप्प पडून होते. भागीचं तोंड उतरलं. तिनं कागद परत घ्यायला हात पुढं केला.

तेवढ्यात रंगूबाई आल्या. त्या हजेरीचं पुस्तक न्यायला आलेल्या. "कसला कागद हाय?" सरांनी वाचून दाखवला. रंगूबाईंनी पदर खोचला.

"आणा हिकडं. सोळा वरसं झाली मला हितं. मी आत गेले का माझं दार कोन धरतं? कुनी इचारलं का कधी?"

रंगूबाईंनाही तोच संडास होता, हे बहुतेक कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. सरांच्यासुद्धा.

"पण मला सही येत नाय," त्या म्हणाल्या. "अंगठा पगाराला देते, तो तिथंच बरा. ही पोरांची फुली द्या. निवडणुकीत मला कुनी मारू दिली नाय, आता मारते." त्यांनी मला उचललं. त्यांच्या हाताला फिनेलचा वास होता. मला लाल गादीवर टेकवलं आणि थांबल्या. "सर, हिचा अर्थ काय धरायचा? परवा नको होता, काल हवा झाला. आज काय?"

"आज तुम्ही सांगाल तो, रंगूबाई."

रंगूबाईंनी जरा विचार केला. "मंग 'मी बी' असं धरा," त्या म्हणाल्या, आणि मला कागदावर दाबलं. हळू नाही, जोरात नाही, नीट. सरांनी लगेच शेजारी त्यांचं नाव लिहिलं.

पाचवीतली एक मुलगी उठली. मग तिच्या शेजारची. मग रांग लागली. मला वाटतं अकरापेक्षा जास्तच होत्या. शेवटी झुंबर पण आला, मान खाली घालून. "शनिवारी हेडसरांकडं मलाच न्यायचाय ना कागद," असं काहीतरी बोलला आणि सही करून पळाला.

शनिवारी झुंबर अर्ज घेऊन हेडसरांसमोर बसला. सरांनी भागीला आणि रंगूबाईंनाही नेलं, मला खिशात घातलेलं. हेडसरांनी चष्मा लावला, कागद वाचला, सह्यांवरून बोट फिरवलं आणि तिसऱ्या ओळीवर थांबले.

"हे नाव रद्द केलंय का? फुली मारलीय."

झुंबर गडबडला. भागी म्हणाली, "नाय सर. ती सही हाय."

"माझीच हाय, साहेब," रंगूबाई दारातून म्हणाल्या. हेडसरांनी त्यांच्याकडे पाहिलं, परत फुलीकडे पाहिलं, आणि अर्जावर 'मंजूर' लिहिलं.

पुढं नऊ वर्षं दरवर्षी निवडणूक झाली आणि दरवर्षी सरांनी फळ्यावर माझा अर्थ आधी लिहिला. गेल्या वर्षी, शहाऐंशी साली, सर निवृत्त झाले. नवे सर हात वर करायला लावून मतं मोजतात, पटकन होतं म्हणे. मी कोपऱ्यातल्या खोलीत, टेबलाच्या ड्रॉवरमध्ये असतो. रबर कडक झालंय, एका टोकाला चीर गेलीय, आता उमटलो तर तीनच पाय उमटतील. चूक म्हणजे मी, हवा म्हणजे मी, सही म्हणजे मी. यातला खरा मी कोणता, तेवढं अजून ठरत नाही. कुणाच्या हातात माझ्यासारखं काही आलं, तर दाबायच्या आधी शेजारच्याला विचारा की बाबा, याचा अर्थ तू काय धरलास? एवढीच विनंती. तोंड वर करून विचारायची लाज वाटली तरी विचारा.

कडी कधी बसली ते सांगायचं राहिलं. पुढच्याच आठवड्यात, बुधवारी. सुतार गेला आणि मुलींची ही गर्दी झाली. मी तेव्हा वर्गाच्या खिडकीत होतो, मला सगळं ऐकू येत होतं. सगळ्यांनी भागीला पुढं ढकललं. "तू आधी जा गं, तू आधी." ती आत गेली. खट् करून कडी लागली. मग बराच वेळ काहीच आवाज नाही. पोरी बाहेर ताटकळल्या, हसायला लागल्या, मग ओरडायला लागल्या.

"ए भागे, काय झालं? ये की भाईर!"

आतून ती म्हणाली, "थांबा की जरा. आज कुनी दार ढकलनार नाय."